बिशपसाठी स्थळ

माझी सासू नोव्हेंबरात आमच्याकडे आली तेव्हा तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं आणि डाव्या हातात एक तपकिरी बॅग. ती बॅग तिनं पलंगाखाली सरकवली. काही हवं झालं की ओढायची, काढून घ्यायची, परत बंद करून आत ढकलायची. मी तिच्यासाठी कपाटाचे खण रिकामे करून, आत लव्हेंडरच्या पुरचुंड्या घालून ठेवले होते. त्या खणांत पुढं कित्येक दिवस फक्त पुरचुंड्याच राहिल्या.

"ईस्टरला मी माझ्या घरी असेन," तिनं उंबऱ्यातच सांगून टाकलं. "तेवढ्यासाठी पसारा कशाला?"

तिचं घर म्हणजे समोरच्या थासोस बेटावर, डोंगराच्या अंगाला चिकटलेलं दगडी घर. खाली स्वयंपाकघर, वर झोपायची खोली आणि मधे तो जिना. त्याच जिन्यावरून ती पडली, आणि शेजारीण काहीतरी मागायला येईपर्यंत तिथंच पडून राहिली. माझा नवरा पास्खालिस आमच्या कवाला बंदराच्या फेरीबोटीवर इंजिनं सांभाळतो. रोज त्या बेटाला जाऊन येतो आणि रोज काठावरून आईच्या घराची बंद खिडकी बघतो.

"बोटीवर असलो तरी मला तो जिनाच दिसतो गं," तो मला म्हणाला. "तिला परत तिथं एकटीला सोडणं माझ्याच्यानं होणार नाही. आणि जबरदस्तीनं ठेवायचं म्हटलं तर ती पोहत जाईल. तूच काहीतरी कर, आर्गिरो. तिला इथं करमलं पाहिजे."

करमलं पाहिजे. जणू करमणं म्हणजे पडदा आहे, माप घेतलं आणि शिवून दिला. मी शिवणकाम करते म्हणून त्याला तसं वाटलं असावं.

तिला आम्ही दिली ती माझी शिवणाची खोली. मशीन मात्र तिथंच भिंतीशी राहिलं, कारण दुसरीकडे ठेवणार कुठं? रोज सकाळी मी दारावर टकटक करून आत जायची, की ती तिचा पलंग घाईघाईनं आवरून बाहेर यायची आणि दिवसभर बैठकीच्या खोलीत माझ्या माशांच्या टाकीसमोर बसायची. तक्रार नाही, हट्ट नाही. पाण्याचा ग्लाससुद्धा विचारून घ्यायची. पाहुण्यासारखी वागणारी सासू किती जड जाते हे ज्यांच्या सासवा भांडखोर आहेत त्यांना कळायचं नाही.

टाकी खाऱ्या पाण्याची, जवळजवळ पलंगाएवढी. आधी ती एका दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्ये होती. तो निवृत्त झाला आणि त्याचा मुलगा म्हणाला, लोक आता फोन बघत बसतात, मासे कोण बघतं. मी तेव्हा दाढेसाठी तिथं जात होते. दाढ गेली, टाकी आली. टाकीबरोबर बिशप आला.

बिशप तळहाताएवढा आहे, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा, आमच्या बिशपसाहेबांच्या झग्यासारखा. लहानपणी त्याच्या अंगावर तीन पांढरे ठिपके होते म्हणे, ते आता पुसट झालेत. चेहऱ्यावर भाव असा की तुम्ही उपास मोडलाय आणि त्याला ते माहीत आहे. काच पुसायला हात घातला तर चावतो. मी माशांबद्दल जे काही शिकले ते वाचून, चुकून आणि थोडं रडून शिकले, आणि त्या चुकांचं कारण बहुतेक वेळा हाच.

"सूनबाई," सासूनं पहिल्या आठवड्यात विचारलं, "याला लिंबू किती लागेल?"

"आई, तो खायचा नाही."

"ते कळलं मला. खायचा नाही, विकायचा नाही. मग इथं पगार कसला घेतो?"

"बघायचा आहे."

"मला तर वाटतं तोच आपल्याला बघतोय." ती काचेच्या आणखी जवळ सरकली. बिशपही सरकला. दोघं नाकासमोर नाक आणून बसले. "आणि एवढ्या महालात हा एकटाच का?"

मी सांगितलं. एकदा एक छोटा निळा मासा आणला होता, तर दुसऱ्या दिवशी त्याला शेपूट नव्हतं. एकदा नारंगी जोडी आणली, तिला यानं पंपाच्या मागं कोंडून उपाशी ठेवलं, ती मी परत देऊन आले. त्यानंतर नाद सोडला. टाकीत पहिला आलेला मासा स्वतःला मालक समजतो. बिशप तर दंतवैद्याच्या काळापासूनचा मालक.

"म्हणजे इतकी वर्षं एकटा," ती म्हणाली. "स्थळंच चुकीची बघितलीस तू."

इथं एक सांगायला हवं. माझी सासू झाम्बेता बेटावर लग्नं जुळवायची. तिच्या काळात तिला विचारल्याशिवाय आजूबाजूच्या गावांत साखरपुडा होत नसे. पुढं पोरंपोरी स्वतःच जमवायला लागली आणि तिचा धंदा बसला. धंदा म्हणायचा, पण मोबदला म्हणजे लग्नाच्या पंगतीतला पहिला मान आणि एक कोंबडी. बिशपच्या चौकशीनंतर मात्र तिच्या आवाजात काहीतरी जुनं परत आलं. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की, नाद सोडलेला असूनही मी म्हटलं, "मग चला, बघू या एखादं."

कॉफी घेता घेता मी तिला माझे नियम सांगितले. बिशपसारख्या तापट माशाजवळ ठेवायचा तो मासा रंगानं वेगळा हवा. अंगलट वेगळी हवी. खाणं वेगळं, झोपायची जागा वेगळी. आकारानं त्याच्याहून थोडा मोठाच असावा. आपल्यासारखा कुणी दिसला की त्याला वाटतं, हा माझी जागा घ्यायला आला.

ती कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे सगळं उलटं. आम्ही आधी विचारायचो, ऑलिव्हची शेतं लागून आहेत का? दोघांकडे द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत भात घालतात की मटण?"

"माशांचं असंच असतं, आई."

"म्हणून तर मासे लग्न करत नाहीत," ती म्हणाली.

लाझारोसच्या दुकानात जाताना तिनं काळा चांगला कोट घातला, पर्स घेतली, आणि बॅग ओढून तिच्यातून कोवळ्या अक्रोडांच्या मुरंब्याची एक बरणी काढली. मुलगी बघायला रिकाम्या हातानं जात नाहीत. लाझारोसला खाऱ्या पाण्याचे मासे विकून बरीच वर्षं झालीत, पण माशाच्या वतीनं मुरंबा त्याला पहिल्यांदाच मिळत होता. त्यानं हात पुसून बरणी घेतली.

"मावशी, नवरामुलगा कसा आहे?"

"काळा आहे, वयस्कर आहे, स्वतःचं मोठं घर आहे. स्वभाव वाईट."

"आमच्या ह्यांच्यासारखाच," लाझारोसची बायको गल्ल्यामागून म्हणाली.

सासू एकेका टाकीसमोर उभी राहून बघत गेली. पाठीमागून बघायची, पुढून बघायची, खातो कसा विचारायची. एका टाकीपाशी ती थांबली. आत काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा एक टुमदार मासा होता. "हा. याच्या तोंडावर बघ, आपल्या बिशपचीच ठेवण आहे. घराण्यातलाच दिसतो."

"घराण्यातलाच आहे," मी म्हटलं. "म्हणूनच नको. सकाळपर्यंत एकजण उरेल."

"आणि मोठी टाकी बघा की, मावशी," लाझारोस म्हणाला. "ती पिवळी."

पिवळी म्हणजे लिंबासारखी पिवळीधमक, वीतभर लांब, काळंपांढरं निमुळतं तोंड पुढं काढलेली.

"ही तर कोल्हीण," सासू म्हणाली.

"तोंड कोल्ह्याचं, स्वभाव गाईचा. पाठीवर विषारी काटे आहेत, पण स्वतःहून कुणाच्या वाटेला जात नाही. शेवाळ खाते फक्त."

"मासळी नाही? कोळंबी नाही?"

"नावालाच. पाला दिला की खूश."

"म्हणजे बाराही महिने उपास." सासूच्या चेहऱ्यावर क्षणभर आदर दिसला. नाताळच्या आधीचा उपास तिचाही चालू होता. पण मग तिनं मान हलवली. "नाही. रंग वेगळा, रूप वेगळं, ही पाला खाणार, तो मांस खाणार. जेवायला एकत्र बसायची सोय नाही. काय जमणार यांचं?"

मी पट्टेवाला घेऊ देईना, ती कोल्हीण घेऊ देईना. आम्ही काही न घेता निघालो. आमचं घर चढावर आहे, अर्ध्या वाटेत ती दम खायला एका भिंतीशी टेकली.

"मी जुळवलेली लग्नं सगळी टिकली," ती म्हणाली. "एकच मोडलं, तेही तो जर्मनीला गेला म्हणून. फक्त माझ्या स्वतःच्या मुलाच्या वेळी मला कुणी विचारलं नाही."

"मग मी चुकलेलं स्थळ."

"तसं मी म्हटलं का?"

"नाही. म्हणायचं टाळलंत, एवढी वर्षं."

ती भिंत सोडून पुन्हा चढायला लागली. मीही. घरी येऊन दोघींनी अगदी अदबीनं एकमेकींसाठी दार धरलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी एक कोट पोचवायला खालच्या गल्लीत गेले होते. परत आले तर दारात ओल्या गमबुटांचे ठसे. फोटिस मामा, म्हणजे सासूचा धाकटा भाऊ, बेटावरून येऊन गेला होता. तो होडी घेऊन मासेमारी करतो. बैठकीच्या खोलीत एक बादली, आणि सासू स्टुलावर उभी, डाव्या हातात माझी गाळणी, कोपरापर्यंत भिजलेली.

"सूनबाई," ती म्हणाली, "तो त्याला मारून टाकतोय."

इतक्या दिवसांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

तिनं भावाला सांगून घराखालच्या खडकातला एक मासा मागवला होता. लाळ्या म्हणतात आम्ही त्याला, बोटाएवढा, तपकिरी, हातात धरला तर सुळकन निसटणारा. समुद्रकाठच्या माणसांना एक गोष्ट कधी पटत नाही: समोर एवढा समुद्र असताना मीठ विकत आणून पाणी कालवायचं, आणि खडकाखडकात मासे असताना दुकानात जायचं. खारं ते खारं. पण आमच्या बंदरात त्या दिवसांत हाडं गोठवणारं पाणी असतं आणि बिशपची टाकी उबदार पाण्याच्या देशातली. बादलीतून टाकीत म्हणजे थंडीतून थेट भट्टीत. त्यात बिशप.

लाळ्या पंपाच्या मागच्या कोपऱ्यात दबून बसला होता, त्याचा कल्ल्यामागचा एक पर फाटून लोंबत होता. बिशप मागं सरायचा, नेम धरायचा, परत सुटायचा. मी मशीनवरची लाकडी पट्टी आणली, ती दोघांच्या मधे खुपसून बिशपला कोपऱ्यापासून दाबून धरलं. "आता घाला गाळणी. खालून. घाई नको." आयुष्य समुद्राकाठी गेलेल्या बाईचा हात तो. एका झटक्यात लाळ्या गाळणीत आला.

माझी एक छोटी जुनी टाकी माळ्यावर होती. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, तिथं काचेच्या फटीतून गार वारं येतं म्हणून एरवी मी कुरकुरत असते. बादलीत उरलेलं त्याच्या गावचं पाणी तिच्यात घातलं, आणि लाळ्याची गाळणी हळूहळू, टप्प्याटप्प्यानं आत सोडली. बुडबुड्यांची नळी लावली. लाळ्या तळाशी गेला आणि दोन पुढच्या परांवर कोपर टेकल्यासारखा बसला.

"बरा झाला की फोटिस त्याला परत सोडेल," सासू म्हणाली.

"नाही सोडता येणार, आई. तो दुसऱ्या पाण्यात राहून आला. तिथलं काही दुखणं अंगाला लागलं असेल तर ते तुमच्या खडकात जाईल."

"एवढ्याशा वेळात?"

"एवढ्याशाही."

ती स्टुलावर बसली. ओली बाही तिनं पिळलीही नाही. "म्हणजे मी त्याला त्याच्या घरातून काढलं, आणि आता तो इथलाही नाही नि तिथलाही नाही."

संध्याकाळी जेवताना तिनं सांगितलं की ती ईस्टरपर्यंत थांबणार नाही. सोमवारी प्लास्टर निघालं की बुधवारच्या बोटीनं जाणार. "माझ्या हातून इथं कुणाचं भलं होत नाही," ती म्हणाली.

पास्खालिसनं काटा खाली ठेवला. "आई, जिना."

"जिन्याला कठडा बसवून दे."

"कठडा तुला पकडून ठेवणार आहे का?"

"इथं कोण पकडून ठेवतंय?" ती म्हणाली, अगदी शांतपणे, आणि ब्रेडचा तुकडा डाळीत बुडवला. पास्खालिसनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला माहीत होता. बुधवारपर्यंतच काय ते.

मी काय करणार होते? तिला थांबा म्हणाले असते तर ती आभार मानून गेली असती. सकाळी मी लाझारोसकडे गेले आणि कोल्हीण घेऊन आले. ती त्याच्याकडे पुष्कळ दिवस वेगळ्या टाकीत राहून निरोगी ठरलेली होती. आणली तशी बिशपच्या पुढ्यात मात्र सोडली नाही. भोकांची एक पारदर्शक पेटी टाकीच्या आतल्या कडेला अडकवली, तिच्यात कोल्हिणीला ठेवलं. पाणी तेच, मधे काच. बिशपनं पेटीवर धडका द्यायला सुरुवात केली.

सासू न बघितल्यासारखं करत होती. मग राहवेना तशी खुर्ची ओढून बसली. "आमच्याकडे असंच असायचं. मुलगा एका खुर्चीत, मुलगी दुसरीत, मधे आजी विणकाम घेऊन. महिनाभर."

"इथं आठवडाभर."

"आजी कुठाय?"

"बसलीय की खुर्चीत."

तिनं हसू दाबलं. ती दिवसातून कितीदा तरी त्या खुर्चीत दिसू लागली. मधूनच उठून स्वयंपाकघरात जायची, शिंपल्याचा बारीक तुकडा लाळ्याला द्यायची, परत यायची. लाळ्याच्या पराला कड यायला लागली होती. खोलीत मात्र बॅग पलंगाखालून बाहेर आली होती, भरलेली, पट्टे आवळलेली.

धडका हळूहळू कमी झाल्या. सोमवारी प्लास्टर निघालं. मनगट बारीक आणि पांढरं झालं होतं. डॉक्टरनं सांगितलं, कोमट मिठाच्या पाण्यात बोटं हलवत राहा.

मंगळवारी पास्खालिस कामावर गेल्यावर मी तिला म्हटलं, "जायच्या आधी एक काम करा. मला हात कमी पडताहेत."

"माझा एकच आहे."

"दीड आहे. आणि हे बघा, कोमट मिठाचं पाणी. डॉक्टरनं सांगितलंय तेच."

तिनं टाकीकडे बघितलं. "ही सगळी माझी परात की काय?"

बिशपला मी जाळीनं बादलीत काढलं. तो तिथून भुंकला असता तर मला नवल वाटलं नसतं. कोल्हीण पेटीत होती. मग मी बाह्या सरसावल्या आणि मधला मोठा दगड हलवला.

"त्याचं घर मोडतेस?" सासूनं माझा दंड धरला. "तो परत आला की काय बघेल?"

"मोडत नाही, हलवतेय. ही कपार त्याची, ही सावली त्याची, हे भोक त्याचं. नुसतं कुणाला आत सोडलं तर ते त्याच्या घरात घुसलेलं असतं. सगळंच हललं की तोही नवा आणि तीही नवी. मग भांडायला वेळ कुठला, दोघंही जागा शोधत बसतात."

तिनं माझा दंड सोडला नाही. माझ्याकडे नाही, माझ्या मागं, तिच्या खोलीच्या उघड्या दाराकडे बघत होती. तिथून मशीनचं चाक दिसतं. मग तिनं दंड सोडला आणि बाही वर केली.

जड दगड मी उचलले, कुठं ठेवायचे ते तिनं सांगितलं. लहान दगड तिनं स्वतः लावले, त्या पांढऱ्या हातानं, बोटं पाण्यात उघडत मिटत. "इथं उतार ठेव. गाव उतारावर असावं, म्हणजे वरचा खालच्याला बघतो. इथं चौक. इथं आडोसा, पिवळीला निजायला. तो काळा बुटका दगड कुठाय?"

"तो नको. त्याखालीच तो राहायचा."

"म्हणून तर हवा. म्हाताऱ्याला एक तरी ओळखीचा दगड राहू दे."

"मग तो तिथं बसून परत मालक होईल."

"त्याच जागी ठेवू नको ना. दगड जुना, जागा नवी."

हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी थोडी अडले, मग दगड तिच्या हातात दिला. तिनं तो पार दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला आणि तळव्यानं दोनदा थोपटला.

पाणी निवळायला दुपार झाली. आधी कोल्हीण सोडली, मग बिशप. तो सरळ मधे गेला, जिथं त्याची कपार होती तिथं, आणि थांबला. एक चक्कर मारली. परत तिथंच आला. सासूनं माझा हात धरला होता, की मी तिचा, आठवत नाही. मग त्याला पिवळं काहीतरी दिसलं आणि तो सुटला.

कोल्हीण पळाली नाही. तिनं नुसती पाठ जरा त्याच्याकडे केली आणि काटे उभे केले. बिशप वीतभर अंतरावर थबकला. पर हलवत राहिला. मग जणू आपण मुळात दुसऱ्याच कामाला निघालो होतो अशा थाटात वळला आणि कोपऱ्याकोपऱ्यात हुंगत निघाला. काळा दगड सापडायला त्याला बराच वेळ लागला. सापडला तेव्हा तो त्याच्याभोवती फिरला, खाली गेला आणि तोंड बाहेर काढून बसला. कोल्हीण चौकात शेवाळाचं पान ओढत होती.

"नांगी असलेली, पण काढायची नाही उगाच," सासू म्हणाली. "बरी आहे. मी बघितलं असतं तर नाकारलं असतं."

"नाकारलंच होतंत."

"हो," ती म्हणाली. "नाकारलंच होतं." आणि माझ्या ओल्या हातावर टॉवेल टाकला.

संध्याकाळी टाकीचा दिवा मालवला तसा कोल्हिणीचा पिवळा रंग उतरला, अंगभर तपकिरी डाग उमटले. सासू घाबरली. मी सांगितलं की झोपताना ती अशीच होते, लपायला. "म्हणजे दिवसाचा रंग लोकांसाठी," ती म्हणाली आणि कोट चढवून प्रार्थनेला चर्चमध्ये गेली.

ती नसताना पास्खालिस आणि मी मशीन ओढत बैठकीत आणलं, टाकीच्या शेजारच्या खिडकीखाली. तिथं उजेड चांगला आहे. इतकी वर्षं हे डोक्यात कसं आलं नाही, त्यानं विचारलं. मी म्हटलं, तू उचल. सासू परत आली, खोलीच्या दारात उभी राहिली. भिंतीवर मशीनच्या मागं राहिलेला फिकट चौकोन दिसत होता.

"इथं काय ठेवणार?" तिनं विचारलं.

"तुमची खोली आहे. तुम्ही सांगा."

ती आत गेली, दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून पलंग ओढल्याचा आवाज आला. पास्खालिस उठायला लागला, मनगट, आई, वगैरे. मी त्याला खाली बसवलं.

बुधवारी सकाळी मी नेहमीसारखी स्वयंपाकघरात गेले आणि न बघता कॉफीच्या भांड्याकडे हात नेला. हाताला बरणी लागली. अक्रोडाचा मुरंबा. तिच्या शेजारी आणखी एक, मग थासोसचा मध, मग वाळवलेला ओवा कागदात बांधलेला, सगळं बॅगेतलं. कॉफीचा डबा जिथं असतो तिथं नव्हता. साखर नव्हती. चमचे ज्या खणात होते तिथं टॉवेल निघाले. मी एक चक्कर मारली, परत पहिल्या फडताळापाशी आले, तिथं भांडं असायलाच हवं होतं म्हणून पुन्हा बघितलं. माझ्या मानेपासून काहीतरी गरम वर चढायला लागलं. खिडकीत लाळ्या कोपरं टेकून माझ्याकडे बघत होता.

सासू दारात उभी होती, पायात घरातल्या सपाता, कमरेला माझा एप्रन.

"पाठीवरचे काटे खाली कर, सूनबाई," ती म्हणाली. "भांडं चुलीशेजारी आहे. जिथं कॉफी करतात तिथं. साखर वरती ठेवली, पास्खालिस फार खातो."

मी भांडं घेतलं. ते खरंच हाताशी आलं होतं.

"एक फडताळ मी सोडलंय," ती म्हणाली. "तुझं तू लाव. तिथली वाटी मात्र मला आवडत नाही."

खाली बंदरात बोटीनं भोंगा दिला. पास्खालिस त्याच बोटीवर होता, आणि त्यानं तो भोंगा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाजवायला लावला असं मला वाटलं. तिनं मान वळवली नाही. ती लाळ्याच्या टाकीत वाकून बघत होती.

"ईस्टरला जाऊ आपण सगळे," ती म्हणाली. "येताना माझं पिठाचं मोठं भांडं आणायचंय. आणि बाजारात जाशील तेव्हा शिंपले आण. बारीक. हा आता हातातून खातो."